जीएफएमचं काम नेमकं काय? (नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून)

गोदाकाठची_मास्तरीण

कॉम्प्युटर डिपार्टमेंटला शिकवते. त्याचा वर्कलोड टाइमटेबलात दिसतो, पगारही त्याचाच मिळतो. त्याशिवाय एसईची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची, एक बॅच माझ्याकडे आहे, म्हणजे मी त्यांची जीएफएम, गार्डियन फॅकल्टी मेंबर. काही कॉलेजांत टीजी (टीचर गार्डियन) म्हणतात, काही ठिकाणी नुसतं मेंटॉर. आमचा मेंटॉरिंगचा तास शुक्रवारी शेवटचा. त्या वेळेला निफाड-येवल्याची मुलं सीबीएस बसस्टँडकडे निघालेली असतात आणि उरलेली कॅन्टीनला.

कागदावर व्यवस्था चोख आहे. एआयसीटीईचा (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचा) हिशोब २० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक असा. कॉलेजांना मानांकन देणारी नॅक मेंटॉर आणि विद्यार्थी यांचं गुणोत्तर विचारते. अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एनबीएच्या अहवालात वैयक्तिक मेंटॉरिंगला वेगळे गुण आहेत. म्हणून प्रत्येकाची फाइल असते. फोटो, आईवडिलांचे नंबर, दहावी-बारावीचे मार्क, छंद, ध्येय, बलस्थानं, उणिवा, खाली दोघांच्या सह्या. छंदात क्रिकेट, ध्येयात 'चांगल्या पॅकेजची नोकरी', उणिवांत 'ओव्हरथिंकिंग'. वीस फाइली उघडा, हेच. नॅकची टीम येणार म्हटलं की राहिलेल्या सगळ्या सह्या एका दुपारी उरकतात. हे कुठल्या कॉलेजात होत नाही ते सांगा, तिथे अर्ज टाकते.

पण मला फाइलबद्दल रडायचं नाहीये. माझं म्हणणं वेगळं आहे. वायडी (इयर डाऊन, म्हणजे वर्ष वाया) लागलेल्या मुलांमध्ये बुद्धीने कमी असलेली फार थोडी असतात. बाकीच्यांचं गणित चुकतं, आणि ते एम-वन (पहिल्या वर्षाचा गणिताचा पेपर) नव्हे, क्रेडिटचं, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेल्या भाराचं.

आपल्या पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नचंच (त्या वर्षी लागू झालेल्या अभ्यासक्रमाचंच) बघा. एफईचे, म्हणजे पहिल्या वर्षाचे, निम्मे क्रेडिट मिळाले की एसईत प्रवेश. मुलगा खूश, घरचेही खूश, "निघाला बाबा एकदाचा". पुढची ओळ कोणी वाचत नाही. टीईत, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, जायचं तर एसईचे निम्मे क्रेडिट लागतातच, शिवाय एफई संपूर्ण सुटलेली लागते. म्हणजे एसईचे सगळे विषय पहिल्या झटक्यात काढलेला मुलगा एफईच्या एका इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या विषयापायी वर्षभर घरी बसू शकतो. आणि मुलं करतात काय? चालू सेमिस्टरचे विषय, चालू सबमिशन, चालू ओरल. जुना विषय "पुढच्या वेळी बघू". त्याचा ना तास होतो, ना शिक्षक समोर येतो, ना त्याची अटेंडन्स कोणी विचारतं. तो विषय कोणाच्याच डोळ्यांसमोर नसतो. तो डोळ्यांसमोर ठेवणं हे जीएफएमचं पहिलं काम, असं माझं मत झालंय. बाकी सगळं नंतर.

दुसरी गोष्ट मुदतीची. निकाल लागला की आधी उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीचा अर्ज करायचा, ती बघून मग रिव्हॅल्युएशनचा. दोन्हींच्या खिडक्या थोड्या दिवसांच्या. मुलगा निकाल लागल्यावर पहिले चार दिवस रूमवर तोंड लपवून झोपतो, पाचव्या दिवशी ग्रुपवर विचारतो, "मॅम, फॉर्म कुठे भरायचा?"

आणि आता २०२४ पॅटर्न आलाय. म्हणजे दोन पॅटर्न शेजारी शेजारी. जुन्यातला मुलगा एक वर्ष मागे पडला की कुठला विषय नव्यात कशाच्या बदली धरायचा, इथून सुरुवात. परीक्षा विभागातल्या भाऊंना मी हल्ली सख्ख्या नातेवाइकांपेक्षा जास्त फोन करते.

इथे शिकवणारे, शिकलेले, पालक सगळेच आहेत. तुमच्याकडे हे काम कसं चालतं? तुमच्या जीएफएमने केलेली एखादी गोष्ट खरोखर उपयोगी पडली का?

---

खडूस_मास्तर

मेकॅनिकलला आयुष्य गेलं, आता निवृत्त. मुद्दा बरोबर धरलात.

फाइल नॅकसाठी राहू द्या. स्वतःसाठी प्रत्येक मुलाचा एक ए-फोर कागद करा. डावीकडे राहिलेले विषय, जुना सगळ्यात वर. शेजारी त्याचे क्रेडिट. उजवीकडे, हा विषय राहिला तर कुठल्या वर्षाचं दार बंद होतं. बस. हा कागद मुलाला त्याच्या स्वतःच्या हाताने लिहायला लावा. आपण लिहून दिला तर तो घडी घालून खिशात जातो आणि खिसा धुवायला जातो.

लिहिताना एक गंमत दिसेल. थिअरीचा विषय ३ किंवा ४ क्रेडिटचा, लॅब १-२ ची. मुलं लॅबच्या जर्नलवर रात्री जागवतात आणि थिअरीला "होईल काहीतरी" म्हणतात. जर्नल दिसतं, सर विचारतात, म्हणून. क्रेडिटचा रकाना समोर आला की चेहरा बदलतो.

डिप्लोमावाल्यांचा कागद मात्र वेगळा करा. थेट एसईला आलेली मुलं. त्यांची कॅपची (केंद्रीय प्रवेशाची) फेरी उशिरा संपते, ती वर्गात येतात तेव्हा बराच अभ्यासक्रम उरकलेला असतो आणि इन-सेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) दारात उभी असते. लेथवर त्यांचा हात बसलेला असतो, इंजिन उघडून परत जोडतील. पण एम-वन, एम-टू त्यांनी पाहिलेलंच नसतं आणि समोर एकदम एम-थ्री. २०१९ पॅटर्नात आमच्या मेकॅनिकलला तो तिसऱ्या सेमिस्टरलाच बसतो. तुमच्या कॉम्पला चौथ्याला, म्हणजे तुमच्या पोरांना एक सेमिस्टर श्वास घ्यायला मिळतो. त्या सेमिस्टरमध्ये इंटिग्रेशन करून घ्या कोणाकडून तरी. नंतर फुरिए ट्रान्सफॉर्म काढताना हुंदके देऊन उपयोग नाही.

---

टीईवाला_पोऱ्या

मॅम, तुम्ही चांगल्या दिसता, पण विद्यार्थ्याची बाजूही लिहितो. राग नसावा.

आमच्याकडे जीएफएम म्हणजे फोन. डिफॉल्टर लिस्ट लागली की फोन. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की फोन. मला नाही, बाबांना. बाबा सातपूरला कंपनीत आहेत, थर्ड शिफ्ट करून सकाळी येऊन झोपतात. अकरा वाजता कॉलेजचा नंबर दिसला की दचकून उठतात, पोराचा ॲक्सिडेंट झाला की काय. कळतं काय, तर एसपीओएसच्या (सिस्टिम्स प्रोग्रामिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम) लेक्चरला ६८ टक्के. मग संध्याकाळी घरात जे होतं ते इथे लिहीत नाही.

दोन वर्षांत मला एकदाही कोणी विचारलं नाही की तू लेक्चरला का येत नाहीस. मी सकाळी आठ ते दहा डिलिव्हरी करतो. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

---

गोदाकाठची_मास्तरीण

@टीईवाला_पोऱ्या, राग कसला. फोन आधी मुलाला, मग घरी, हा क्रम मी पाळते. पण पालकांना कळवल्याची नोंद रजिस्टरला लागते, ती टाळता येत नाही. तुझ्या जीएफएमला हे डिलिव्हरीचं आत्ता जाऊन सांग, परीक्षेच्या फॉर्मची वेळ यायच्या आत. आधी सांगितलेलं कारण असतं, नंतर सांगितलेली सबब ठरते.

---

कांदेनवमी

पोराशी असहमत. फोन यायलाच पाहिजे.

आम्ही लासलगावकडचे. मुलगी नाशिकला शिकते, रूम करून राहते. आम्हाला तिच्या कॉलेजातलं काय कळतं? ती "चाललंय" म्हणते, आम्ही "बरं" म्हणतो. तिच्या मॅडमचा फोन आला की दोन गोष्टी कळतात.

पण फोन कशासाठी, हे महत्त्वाचं. डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली आणि आमच्याकडचा भाव पडला, त्या हंगामात फीचा दुसरा हप्ता भरायला हातात काही नव्हतं. मुलगी लाजेने कॉलेजात बोलली नाही. मॅडमनी स्वतःहून विचारलं, महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) फॉर्म रिन्यू केलाय का. केला नव्हता! पहिल्या वर्षी भरला की दरवर्षी आपोआप होतो अशी आमची समजूत. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीला ८ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाची अट, आमचं त्यात बसतं, पण फॉर्म दरवर्षी भरावा लागतो. तहसीलच्या दाखल्यापासून सगळं त्या बाईंनी फोनवर समजावलं. आता २०२४-२५ पासून मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, ८ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी मुलींची, तेही त्यांच्याकडूनच कळलं.

असा फोन रोज आला तरी चालेल.

---

मिसळ_विथ_तर्री

+१ कांदेनवमी. आयडी भारी आहे.

अवांतर: मास्तरीणबाई, शुक्रवारचा शेवटचा तास हलवून सोमवारी घ्या. शुक्रवारी त्या तासाला परमेश्वर आला तरी अटेंडन्स लागणार नाही.

---

सातासमुद्रापार

मूळ पंचवटीतला. अमेरिकेत एका राज्य विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पूर्णवेळ अकॅडमिक ॲडव्हायजर आहे, म्हणजे मी शिकवत नाही, हेच करतो. इथे हा स्वतंत्र पेशा आहे. १९७९ पासून आमची संघटना आहे, नॅकाडा. (नॅकशी संबंध नाही, घाबरू नका.) पण माझ्याकडे विद्यार्थी शेकड्यात आहेत. तुमचं वीसचं प्रमाण ऐकून हेवा वाटला.

क्रेडिटचं गणित इथेही तेच. फक्त दार बंद होतं ते विषयांच्या साखळीमुळे. कॅल्क्युलस सुटल्याशिवाय पुढचं गणित नाही, फिजिक्सशिवाय स्टॅटिक्स नाही, स्टॅटिक्सशिवाय त्याच्या पुढचं काही नाही. पहिल्या वर्षी कॅल्क्युलस हुकला तर धक्का तिसऱ्या वर्षापर्यंत जाणवतो. म्हणून मी त्या मुलासमोर चार वर्षांचा तक्ता मांडून मागून पुढे येतो. पदवी कधी हवी? मग हा विषय कधी सुटलाच पाहिजे? खडूस मास्तरांचा कागद तोच आहे.

आमच्या हातात एक चावी आहे जी तुमच्याकडे नाही. बऱ्याच विद्यापीठांत ॲडव्हायजरला भेटल्याशिवाय पुढच्या सत्राची नोंदणीच उघडत नाही. त्यामुळे मूल येतंच, बळजबरीने का होईना. सरासरी २.० च्या खाली गेली की प्रोबेशन, तेव्हा तर यावंच लागतं.

आणि पालक! इथे फर्पा नावाचा कायदा आहे, १९७४ चा. मूल कॉलेजात आलं की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा. त्याच्या लेखी संमतीशिवाय आईवडिलांना मार्क सांगायचे नाहीत. करासाठी मूल पालकांवर अवलंबून दाखवलेलं असेल तर कॉलेज सांगू शकतं, पण सांगायलाच हवं अशी सक्ती नाही. फी तेच भरतात, तरी! सुरुवातीला मला हे अमानुष वाटायचं. आता टीईवाल्या पोऱ्याचा प्रतिसाद वाचून वाटतं की त्या कायद्यात काहीतरी आहे. आणि कांदेनवमींचा वाचला की परत वाटतं, नाही.

---

टीईवाला_पोऱ्या

तो फर्पा नाशिकला कधी येतोय?

---

खडूस_मास्तर

तू टीओसी (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन) सोडवलास की.

---

पवईचा_पाहुणा

आमच्या आयआयटी मुंबईत फॅकल्टी ॲडव्हायजर असतो, मुलांच्या भाषेत फॅकॅड. माणूस भला, पण सेमिस्टरच्या सुरुवातीला एक भेट आणि कोर्सच्या मंजुरीची एक क्लिक, एवढंच आमचं नातं. खरा आधार डॅम्प नावाच्या व्यवस्थेचा होता. त्यात डिपार्टमेंटची सीनियर मुलंच ज्युनियर मुलांना धरून असतात. अभ्यासात घसरलेल्याला त्याच खड्ड्यातून वर आलेला सीनियर. प्राध्यापकाला "मी चार आठवडे वर्गात गेलो नाही" हे सांगताना जीभ जड होते, सीनियरला चहावर सहज सांगितलं जातं.

तुमच्या प्रत्येक बॅचमागे बीईची (शेवटच्या वर्षाची) दोन मुलं जोडा. टॉपर नकोत, एम-थ्री दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रयत्नात काढलेली हवीत.

---

गोदाकाठची_मास्तरीण

@पवईचा_पाहुणा, हे घेतलं. टॉपर नकोत हे तर पटलंच. टॉपर सांगतो "नोट्स नीट वाच". केटीवाला (विषय राहिलेला) सांगतो "युनिट तीन आणि चार आधी कर, पाचवा वेळ उरला तर". केटीतून सुटायला धडपडणाऱ्याला दुसराच सल्ला लागतो.

@सातासमुद्रापार, मागून पुढे येण्याची पद्धत आवडली. आमच्या मुलांना 'कधी पास होणार' विचारलं की ती पुढच्या पेपरचं सांगतात, पदवीचं नाही.

---

अंबडवाला

अंबड एमआयडीसीत आहे, फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो. खडूस मास्तरांच्या कागदाला एक रकाना जोडा: 'टीईच्या शेवटी लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेले विषय) किती'.

कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची अट दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्री, तिन्हीकडे ६० टक्के आणि लाइव्ह बॅकलॉग नको. मुलाला हे कधी कळतं? बीईला, प्लेसमेंटच्या नोटिशीवर. दहावीला ५८ असलेल्या मुलाने चार वर्षं कॅम्पसची स्वप्नं बघू नयेत, त्याला पहिल्याच वर्षी सांगा की तुझा रस्ता कॅम्पसच्या बाहेरून आहे. आमच्यासारख्या मध्यम कंपन्या दहावीचे मार्क विचारत नाहीत. ड्रॉइंग वाचता येतं का, टॉलरन्स कळतो का, सुट्टीत कुठे शॉपवर उभा राहिलास का, एवढं बघतो. सातपूर-अंबडमध्ये दार ठोठावणाऱ्याला उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळते. फक्त ठोठवायला टीईच्या मे महिन्यापर्यंत थांबू नये.

---

सापुताऱ्याच्या_अलीकडे

सुरगाण्याचा. आमच्या भागातून येणाऱ्या मुलांबद्दल लिहितो, कारण वरच्या सगळ्या चर्चेत मूल जीएफएमकडे येऊन बोलेल असं गृहीत आहे. आमचं मूल बोलत नाही. प्रवेश मिळाला, कॅपच्या फेऱ्या संपल्या, पण वसतिगृहात नंबर लागला नाही, तर ते महिनाभर ओळखीच्या कोणाकडे तरी राहतं, आणि एक दिवस गावाला जातं ते परत येत नाही. हजेरीत ते फक्त 'गैरहजर' दिसतं.

आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, राज्याचं. आपल्या जीएफएमपैकी किती जण तिथे एकदा जाऊन आले? शासकीय वसतिगृहात जागा नाही मिळाली तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे बँक खात्यात येतात. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी तशीच स्वाधार योजना आहे. मुलाला हे माहीत नसतं, मास्तरला तर नसतंच. शासकीय योजनांच्या बाबतीत जीएफएम म्हणजे निम्मा तलाठी असला पाहिजे, अशी माझी अपेक्षा आहे.

आणि भाषा. बागलाण-मालेगावकडच्या मुलाला अहिराणीत नुसतं "काय चाली ऱ्हायनं?" विचारून बघा. पोरगं पुढची दहा मिनिटं एकटं बोलतं. इंग्रजीत भरलेल्या फॉर्मवरून त्याचं काहीच कळत नाही.

---

द्राक्षपंढरी

सापुताऱ्याच्या अलीकडे यांना दुजोरा. दिंडोरी-निफाडची मुलं ऑक्टोबरात अचानक गायब होतात, मास्तरांना वाटतं दिवाळीचा मूड. अहो, द्राक्षबागेची छाटणी असते! मजूर मिळत नाहीत, घरचा कॉलेजातला पोरगा हा हक्काचा मजूर. फेब्रुवारी-मार्चला परत काढणी. इन-सेम त्यातच. वडिलांना एक फोन करून "या आठवड्यात याला सोडा, पुढचा आठवडा तुमचा" असं सांगितलं तर शेतकरी ऐकतो. त्याला नियोजन कळतं, विद्यापीठाचं वेळापत्रक कळत नाही.

---

नवीन_मॅडम

मीही याच वर्षी जीएफएम झाले. एक विचारायचं होतं. माझ्या बॅचमध्ये एक मुलगा आहे, मार्क ठीक, हजेरी ठीक, पण अलीकडे कोणाशी बोलत नाही, डब्यालाही एकटा. परवा म्हणाला "मी नसलो तरी काय फरक पडतो". मी काय करावं?

---

खडूस_मास्तर

धागा बाजूला ठेवा आणि आजच त्याच्याशी बोला. एकांतात, पण घाईत नाही. जिवाचं काही मनात येतं का हे सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात भरतं हा गैरसमज आहे. होकार आला, किंवा उत्तर टाळलं, तर त्याला एकटा सोडू नका. एचओडींना आणि कॉलेजच्या समुपदेशकाला त्याच दिवशी सांगा, घरच्यांना विश्वासात घ्या, डॉक्टरांकडे सोबत जा. टेलि-मानसचा नंबर १४४१६, सरकारी आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो नंबर तुम्हीही लावू शकता, कसं बोलावं हे विचारायला. "कोणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका. उपचार करणं आपलं काम नाही, पोहोचवणं आहे.

---

नवीन_मॅडम

बोलले काल. समुपदेशक मॅडमकडे सोबत गेले, मोठा भाऊ आलाय गावाहून. धन्यवाद सर. इथे जास्त लिहीत नाही.

---

डिप्लोमा_ते_डिग्री

खडूस सर, माझं गणित सोडवा. २०१९ पॅटर्न, थेट एसईला आलो, कॉम्प. आता टीईत. एसईचा एम-थ्री आणि डीईएलडी (डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स अँड लॉजिक डिझाइन) अजून राहिलाय, टीईच्या पहिल्या सेमिस्टरचा टीओसी गेला. घरचे म्हणतात आधी टीईचे चालू विषय कर. काय करू?

---

खडूस_मास्तर

घरच्यांना नमस्कार सांग आणि ऐकू नकोस.

तुला एफईच नाही, त्यामुळे टीईत येताना एसईचे निम्मे क्रेडिट पुरले. बीईत जाताना तसं नाही. एसई पूर्ण सुटलेली लागेल आणि टीईचे निम्मे क्रेडिट. म्हणजे टीओसी राहिला तरी तू बीईत जाशील. एम-थ्री किंवा डीईएलडी राहिला तर नाही. क्रम ठरला: एम-थ्री, डीईएलडी, मग चालू सेमिस्टर, टीओसी सगळ्यात शेवटी. डीईएलडी दोन आठवड्यांत उरकतो, के-मॅप आणि फ्लिप-फ्लॉप पक्के कर. उरलेला सगळा वेळ एम-थ्रीला. परीक्षेचा फॉर्म भरताना एसईचे दोन्ही विषय टिक केलेत का ते दोनदा बघ, दरवर्षी कोणीतरी फक्त चालू विषयांचा फॉर्म भरून येतं.

---

डिप्लोमा_ते_डिग्री

सर, फॉर्म भरून झालाय. बघतो आणि सांगतो.

---

डिप्लोमा_ते_डिग्री

डीईएलडी टिक केलेला नव्हता. उद्या सकाळी परीक्षा विभागात जातो.

---

गोदाकाठची_मास्तरीण

दहाच्या आत जा. सोबत फॉर्मची प्रिंट, फीची पावती आणि जुनी मार्कशीट ने. आणि जीएफएमला बरोबर घेऊन जा, एकट्याला खिडकीवरून परत पाठवतात.